ताईचा हात आणि माझा मफलर

१ नोव्हेंबर

छंद! आता हेच बाकी होतं.

फिजिओबाई म्हणाल्या, नुसता चेंडू दाबून हात येणार नाही, बोटांना आवडीचं काम द्या. माती, मणी, रंग, विणकाम, काहीही. महिनाभर, रोज, मजेत. 'मजेत' वर फार जोर होता. महिनाअखेर तपासणी. मूठ वळली आणि बारीक वस्तू धरता आल्या, तर ताई आपल्या घरी जायला मोकळी. तोवर एकटं राहायचं नाही. गॅस, कुलूप, जिना — एका हाताने काही जमायचं नाही म्हणे.

म्हणजे तोवर मुक्काम आमच्याकडे.

अर्धांगाचा झटका सौम्य होता, सगळेच सांगतात. उजव्या हाताची बोटं तेवढी रुसली. जिभेला धक्का नाही. घरी येताना टॅक्सीत तिने रस्ता चुकला म्हणून ड्रायव्हरला झापलं, दार आपटलं म्हणून मला झापलं आणि काही न करता गप्प बसल्याबद्दल ह्यांना झापलं. नवरा गेल्यापासून बाई एकटीने पडद्यांचं दुकान चालवते. खाली दुकान, वर दोन खोल्या. हुकूम सोडायची सवय आहे. आता हुकूम ऐकायला आम्ही दोघं.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तीस तारखेला लाल गोल केला. ताईसमोरच केला. म्हटलं, 'बघ, सुटकेचा दिवस.' ती हसली नाही. विनोद कळायला बोटं लागत नाहीत खरं तर.

३ नोव्हेंबर

माती झाली. दुकानातून पाकिटबंद माती आणली — विकत! पायाखाली फुकट असते ती.

ताई म्हणाली, 'मी एकटी नाही करणार. बालवाडीत बसल्यासारखं वाटतं. चिंगे, तूही बस.' पंचावन्न वर्षांच्या बाईला चिंगी म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलंय. बसले. दिवसभर दातांच्या दवाखान्यात फोन उचलायचे, लोकांच्या दाढा ऐकायच्या, आणि घरी येऊन चिखल.

मी वाटी केली. हे येऊन म्हणाले, 'कासव छान झालंय.' ताईने डाव्या हाताने एक गोळा केला, उजव्याने तो दाबायला गेली, बोटं नुसती वर पडून राहिली. मग तिने तो गोळा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि म्हणाली, आज पुरे. त्यानंतर बराच वेळ तिने कुणालाच झापलं नाही. मला ते अजिबात आवडलं नाही.

५ नोव्हेंबर

मणी. सांडले. फ्रिजखाली गेले.

६ नोव्हेंबर

कणकेच्या डब्यात मणी सापडला. तो तिथे कसा गेला हे विचारायचं नाही असं घरात ठरलंय.

७ नोव्हेंबर

घरात अगोदरच एक छांदिष्ट आहे, हे फिजिओबाईंना सांगायला हवं होतं. आमचे हे निवृत्त झाल्यापासून छत्र्या दुरुस्त करतात. शेजारपाजारच्या मोडक्या छत्र्या मागून आणतात, काड्या काढतात, काड्या घालतात. बाल्कनीत छत्र्यांचा ढीग आहे. उघडत एकही नाही. पण माणूस इतका सुखी, की काही बोलायची सोय नाही.

आता त्यांना प्रेक्षक मिळालाय. ताई दिवसभर समोर बसून सूचना करते. 'कापड तिरकं ताणलंय भाऊजी, उसवा.' आणि हे उसवतात! मी इतक्या वर्षांत एकदा सांगितलं होतं की पंखा पुसा.

८ नोव्हेंबर

टॉवेलांच्या तीन घड्या हव्यात म्हणे. दोन नकोत. मी सगळं आयुष्य दोन घड्यांत काढलं, कसं काढलं कोण जाणे.

मग पडदे बघितले. टोक हातात घेऊन, चष्मा वर करून — 'हे कुणी शिवले? केवढी ओबडधोबड शिलाई!'

म्हटलं, 'तू.'

'मग तेव्हा घाईत असेन,' म्हणाली, आणि पडदा सोडून दिला. मी आत जाऊन हसून घेतलं.

१० नोव्हेंबर

आजपासून विणकाम. रंग आम्ही परस्पर रद्द केले, भिंतींची दया येऊन.

विणणं हा खरं म्हणजे ताईचा प्रांत. तिला आईने शिकवलं. मला शिकवायच्या वयात मी आले तोवर आईचा उत्साह संपला होता आणि सुया ताईच्या ताब्यात होत्या. हात लावला की फटका. आता फटका मारायचा हातच चालत नाही, तेव्हा मी दुकानात जाऊन ऐटीत दोन जोड सुया आणि लोकर घेतली. तिला जाड सुया, सरावाला एक चौकोन. मला बारीक सुया, राखाडी-निळी लोकर. मफलर करणार. दवाखान्यातला एसी डॉक्टरांच्या तब्येतीप्रमाणे ठेवतात, आम्ही गारठून मरतो.

ताई तोंडी शिकवायला लागली. 'घाल, घे, काढ. अगं घाल आधी! घे कसली?' अर्ध्या तासात बोलणं बंद. मी मोबाइलवर व्हिडिओ लावला. व्हिडिओतली बाई ओरडत नाही.

११ नोव्हेंबर

भांडण. मोठं. लोकरीवरून!

झालं असं — व्हिडिओतली बाई उलटा टाका घालताना लोकर सुईवर वरून गुंडाळते. मीही तशीच घेते. ताईने बघितलं आणि म्हणाली, 'चूक. खालून घ्यायची.' म्हटलं, व्हिडिओत वरून आहे. आणखी तीन व्हिडिओ बघितले, सगळ्यांत वरून. एका बाईने तर मुद्दाम दाखवलं — खालून घेतली की टाका पिळला जातो, पायावर पाय टाकून बसतो, नवशिके ही चूक करतात.

मला काय, आयतं कोलीत मिळालं. आईचे स्वेटर आठवले. सगळ्यांत एक ओळ सोडून एक, टाके तसेच तिरपे बसलेले. आम्हाला वाटायचं नक्षी आहे. म्हटलं, 'म्हणजे आई जन्मभर चुकीचं विणत होती, आणि तूही!'

ताई म्हणाली, 'आईला चुकीचं म्हणतेस?' आणि तोंड फिरवून बसली. जेवतानाही नाही बोलली. हे दोघींना आळीपाळीने मीठ देत होते.

१३ नोव्हेंबर

बोलणं सुरू. कारण मला टाका सुटलेला सापडेना आणि तिला बघवेना. 'खाली, चौथ्या ओळीत. आंधळी आहेस का?'

म्हणजे समेट.

१५ नोव्हेंबर

अर्धा महिना संपला. कॅलेंडरवरची फुली ठळक मारली. 'अर्धं झालं गं ताई!' म्हटलं. 'हो,' म्हणाली, 'मोजतेस ना तू.'

संध्याकाळी बाल्कनीत. छत्र्या बाजूला सारून तीन खुर्च्या मावतात असा शोध लागलाय. खारे दाणे आणि पत्ते. ताई डाव्या हातात पत्ते धरते, ओढायचे असले की ओठांनी धरते, आणि त्या गडबडीत खालचं पान बघून घेते. लबाडी उघड दिसते, पण आजारी माणसाला काय बोलणार? मी आजच्या पेशंटची गोष्ट सांगितली — ज्याने कवळी रुमालात गुंडाळून आणली आणि इस्त्रीला चुकून तोच रुमाल दिला. ताई इतकी हसली की पत्ते तोंडातून पडले आणि तिच्याकडे काय होतं ते सगळ्यांना कळलं.

असले टाइमपास मला परवडत नाहीत. आठवडाभर मी दवाखान्यातून वेळेवर निघतेय, त्याचं कारण इतकंच की पाहुणा घरात आहे. पूर्वी मी फाइली लावत बसायचे. घरी येऊन काय करायचं असायचं? हे छत्रीत, मी टीव्हीत.

१७ नोव्हेंबर

ताईचा चौकोन बघवत नाही. चार ओळी, त्यातल्या दोन गायब. सुई हातातून सारखी गळते. मी रोज आल्या आल्या विचारते, 'आला का हात?' ती मान हलवते. धीर सोडू नको म्हटलं. पंधरवड्यात दुकान उघडायचंय तुला.

१८ नोव्हेंबर

माझा मफलर मात्र — स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण ही वही कुणाला सांगणार आहे? — फार सुरेख चाललाय. कडा सरळ आल्या. टाके एकसारखे. सुरुवातीची वीतभर जरा दाताच्या कवळीसारखी वाकडी आहे, पण पुढे हात बसला. म्हणजे उपजत होतंच, आईने वेळेवर हातात सुया दिल्या असत्या तर कुठल्या कुठे गेले असते.

जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांना दाखवला. म्हणाले, 'विकत मिळतो तसा आहे.' ते कुणाच्या दातांचंही इतकं कौतुक करत नाहीत.

घरी येऊन सांगितलं. हे खोकत खोकत बाल्कनीत गेले. ताई म्हणाली, 'हो बाई. तुझा हात आहेच चांगला.' इतकी वर्षं वाट बघितली ह्या एका वाक्याची.

२१ नोव्हेंबर

ताईच्या गिऱ्हाइकाचा फोन. एका हॉटेलच्या सगळ्या खोल्यांचे पडदे करायचेत, दुसऱ्या कुणाला द्यायची त्यांची इच्छा नाही. मीच बोलले. म्हटलं, 'काळजी नको, तीसला तपासणी, एक तारखेला दुकान उघडेल.' फोन ठेवला तर ताईचा चेहरा एवढासा झालेला. बिचारीचा जीव दुकानात अडकलाय. म्हटलं, 'होईल गं, जाशील तू घरी.'

'जाईन की,' म्हणाली. रात्री नीट जेवली नाही.

२३ नोव्हेंबर

आणखी दोन गुंडे लोकर आणली. मफलर संपत आला, मग टोपी घेईन म्हणते. छंद वगैरे नाही. लोकर स्वस्त होती.

२५ नोव्हेंबर

दवाखान्यात मफलर घालून बघत होते, खिडकीशी, उजेडात. आणि दिसलं.

वीतभर सरळ टाके. पुढे एक ओळ सोडून एक, पायावर पाय टाकून बसलेले. अगदी तिरपे. आईच्या स्वेटरसारखे.

आधी वाटलं ते लिहायची लाज वाटते, तरी लिहिते. वाटलं, आईच माझ्या हातात आली. मी व्हिडिओ बघून वरून लोकर घेते, पण हात आपोआप आईसारखा वळायला लागला असेल. रक्तातच असेल. रिसेप्शनवर बसल्या बसल्या डोळे भरून आले. एका पेशंटने विचारलं, फार दुखतं का हो आत? पण माझं रडं आवरेना, तो बिचारा अपॉइंटमेंट न घेताच गेला.

मग डोकं ठिकाणावर आलं. पर्समधून सुया काढल्या, तिथल्या तिथे दोन ओळी विणल्या. नीट बघितल्या. सरळ, व्हिडिओतल्यासारख्या. शिवाय वेड्यावाकड्या, जोडीला एक टाका कमी.

ज्या ओळी सुरेख आहेत त्या माझ्या नाहीत.

जगात असे टाके घालणाऱ्या दोनच बायका होत्या. त्यांतली एक गेली.

२६ नोव्हेंबर

अर्धी रजा टाकली. मफलर एरवीसारखा मुद्दाम घरीच ठेवला होता. दुपारी, बेल न वाजवता, चावीने दार उघडून आत गेले.

ताई खुर्चीत. हातात माझा मफलर, माझ्या बारीक सुया. उजवा हात असा चाललेला की मला बघूनच धाप लागली. समोर हे, स्टुलावर, दोन्ही हात पुढे करून बसलेले, हातांवर लोकरीची लड. आणि ताई गुंडा वेगळा करत नव्हती, सरळ त्यांच्या हातावरून ओढून विणत होती. गाणं गुणगुणत! हे मान डोलावत होते.

मी दारात. ताईने वर बघितलं. ओळ मात्र पुरी केली, अर्धी सोडवली नाही तिला.

'कधीपासून?' मी विचारलं.

हे म्हणाले, 'तू बूट तरी काढ.'

'कधीपासून!'

'पंधरा-सोळा तारखेपासून थोडं थोडं,' ताई म्हणाली. 'तुझे सुटलेले टाके बघवेनात गं. एक उचलला. मग वरची ओळ बघवेना, ती उसवून पुन्हा घातली. मग तिच्यावरची.'

म्हणजे ती चौकोनाचं रोजचं नाटक. सुई गळण्याचं नाटक. 'तुझा हात आहेच चांगला' — ते तर नाटकातलंही नाटक! आणि ज्या माणसाबरोबर मी संसार केला तो पडद्यामागे लड धरून बसलेला.

हातातली पर्स सोफ्यावर आपटली. म्हटलं, रोज दारातून आत आल्या आल्या विचारत होते मी. जीव टांगणीला लागला होता माझा, की हिचा हात गेला तर ही खाणार काय आणि करणार काय. आणि तुम्ही दोघं इथे गाणी म्हणत होता!

हे म्हणाले, 'तू रोज दारातून विचारायचीस, आला का हात. हो म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी बॅग भरायला घेतली असतीस.'

'मग? तिला जायचंच होतं ना घरी?'

ताई सुया लोकरीत खोचत बसली.

२७ नोव्हेंबर

अबोला. घरात तिघंजण आणि कुकर, त्यात बोलणारा फक्त कुकर.

संध्याकाळी बाल्कनीत गेले नाही. दोघंही गेले नाहीत. खुर्च्या तशाच.

२८ नोव्हेंबर

ताई स्वयंपाकघरात आली. उजव्या हाताने लसूण सोलायला घेतला, आता लपवायचं काय राहिलंय? बारीक पाकळ्यासुद्धा झरझर.

मी म्हटलं, 'तुझा हात येऊ दे म्हणून मी फिजिओबाईंच्या मागे लागले, रजा काढल्या. तुला राहायचं होतं तर सांगायचं होतंस.'

'कसं सांगू? आल्या दिवशी तू कॅलेंडरवर लाल गोल केलास. रोज फुली मारतेस. पंधरा तारखेला तर ओरडून सांगितलंस, अर्धं झालं म्हणून.'

'अगं ती गंमत होती!'

'असेल. पण राहा असंही नाही म्हणालीस कधी.'

मी पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला.

मग ती लसणाकडे बघतच म्हणाली, 'संध्याकाळी शटर ओढते, तो आवाज होतो. त्यानंतर दुसऱ्या दिवशी शटर उघडेपर्यंत घरात आवाज नसतो. टीव्ही लावते, पण तो काय माझ्याशी बोलत नाही. इथे तुम्ही दोघं किती कटकट करता. आणखी थोडे दिवस ऐकावी वाटली. दुकान काय, उघडेन की. पळून नाही जात ते.'

सालं सोललेल्या लसणाबरोबर गोळा करून तिने केरात टाकली. मग लसूणही गेला म्हणून मला झापलं.

मी माझ्या खोलीत जाऊन रडले. रागाने. लिहून ठेवते — रागानेच.

२९ नोव्हेंबर

उद्या तपासणी. मी ठरवलंय. खरं ते सांगणार. दवाखान्यात काम करणारी बाई आहे मी, तपासणीच्या खोलीत खोटं बोलणाऱ्या पेशंटांवर रोज वैतागते. 'गोड अजिबात खात नाही डॉक्टर' म्हणतात आणि दाढेत चॉकलेट. फिजिओबाईंनी एवढी मेहनत घेतली, त्यांना आनंद नको व्हायला? मूठ वळते, सुई धरते, लसूण सोलते, पत्त्यात लबाडी करते. सगळं सांगणार.

ताईने तिची बॅग काढली. कपडे तीन घड्यांत. ह्यांनी तिला एक छत्री दिली. उघडली! पहिल्याच झटक्यात. ते स्वतःच दचकले.

कुणाला आनंद झालेला दिसला नाही.

३० नोव्हेंबर

फिजिओबाईंनी ताईपुढे नाणी टाकली, उचला म्हणाल्या. ताईने माझ्याकडे बघितलं, आणि हळूहळू सगळी नाणी खाली पाडली. असला भिकार अभिनय मी आयुष्यात बघितला नाही. एक नाणं तर तिने पडता पडता झेललं, मग आठवून पुन्हा टाकलं.

फिजिओबाईंनी मला विचारलं, 'काकू, घरी काय? काही फरक?'

म्हटलं, 'कुठलं काय! शर्टाचं बटणसुद्धा लागत नाही हो.'

त्या म्हणाल्या, 'मग आणखी एक महिना तुमच्याकडेच ठेवा.'

म्हटलं, 'एकाने काय होतंय, दोन लिहा.'